माझीच साक्षीदार

मी जिल्हा न्यायालयात सरकारी वकील आहे. पोक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे खटले चालवते. ज्या मुलीबद्दल लिहितेय तिची ओळख पटेल असं काहीही इथे येणार नाही. कायद्याने ती मनाई आहेच, पण कायदा नसता तरी मी ती ओळख दिली नसती.

डिसेंबर २०२१. नाताळच्या सुट्टीआधीचा आठवडा. मुंबईत विधिमंडळात बलात्काराला फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक मंजूर होत होतं आणि आमच्या बार रूममध्ये दुसरा विषय नव्हता. बलात्काऱ्याला फाशी, बस्स. मी त्यात भाग घेतला नाही, कारण अकरा वाजता माझी साक्षीदार उभी राहायची होती. वय बारा. घटनेच्या वेळी दहा. आरोपी सख्खा चुलता, एकाच वाड्यात राहणारा.

पोक्सोचं कलम ३५ सांगतं की मुलाची साक्ष ३० दिवसांत व्हावी. आमच्याकडे दोन वर्षं गेली. मध्ये लॉकडाऊन आलं हे खरं, पण त्या दोन वर्षांत पोरीच्या घरात काय काय शिजलं ते मला त्या दिवशी कळलं.

साक्षीदारांच्या खोलीत ती स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. "काय आणलंस?" मी विचारलं. "शेंगदाण्याचे लाडू. आजीनं दिलेत." आजी म्हणजे आरोपीची आई. ती बाहेर लिंबाखाली बसली होती. डबा बाबांनी आत आणून दिला होता. मी म्हटलं, खा की एखादा. तिने मान हलवली. मग डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाली, "मॅडम, मी सांगितलं तर काकाला फाशी देणार का?"

साक्षीदाराला मी काही शिकवू शकत नाही, कसलं वचनही देऊ शकत नाही. मी म्हटलं, शिक्षा न्यायाधीश ठरवतात, तू फक्त आठवतं ते सांग. उत्तर बरोबर होतं, पण तिच्या काही कामाचं नव्हतं. ती म्हणाली, "आजी म्हणती, टीव्हीवर दाखवलं ना, चौघांना लटकवलं, तसंच. तुझ्या एका शब्दावर माझ्या लेकराचा जीव हाय."

२० मार्च २०२० ला तिहारमध्ये निर्भयाच्या चार गुन्हेगारांना फाशी झाली तेव्हा मला समाधान वाटलं होतं. २०१२ च्या डिसेंबरात जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या मोर्चात मीही मेणबत्ती घेऊन उभी होते, फाशीच्या घोषणा दिल्या होत्या. आणि या खटल्यात, त्याच २०२० च्या फेब्रुवारीत, जामिनाला विरोध करताना मीच मोठ्या आवाजात म्हणाले होते की पोक्सोच्या २०१९ च्या दुरुस्तीने या गुन्ह्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. आजी तेव्हा कोर्टात मागच्या बाकावर होती. ‘फाशी’ हा शब्द त्या घरात मी पाठवला होता.

साक्ष बंद दाराआड झाली. आरोपी पडद्यामागे. न्यायाधीशांनी काळा कोट काढून ठेवला होता. शाळा, इयत्ता, मैत्रिणी, सगळं तिने नीट सांगितलं. काकाचं नाव आलं आणि ती थांबली. "काय झालं ते आठवत नाही." पंधरा मिनिटं विश्रांती दिली. परत आली. "काहीच झालं नाही."

मग मला तिला फितूर घोषित करण्याची परवानगी मागावी लागली. ज्यांना याची सवय नाही त्यांना सांगते: अशा वेळी सरकारी वकील आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. दोन वर्षांपूर्वी मॅजिस्ट्रेटसमोर तिने दिलेला कलम १६४ चा जबाब मी तिला एकेक ओळ वाचून दाखवला. तिचेच शब्द. ती प्रत्येक ओळीला ‘नाही’ म्हणून मान हलवत राहिली. लघुलेखक टंकत होता, "सदर मजकूर मी सांगितलेला नाही. तो कसा लिहिला गेला याचे कारण मी सांगू शकत नाही." पोरीच्या तोंडून यातला एक शब्दही निघाला नव्हता. आरोपीचे वकील उठले, "उलटतपास नाही," म्हणाले आणि बसले.

बाहेर तिच्या आईने मला जिन्यात गाठलं. फिर्याद तिनेच दिलेली, सगळ्या भावकीशी वैर घेऊन. ती म्हणाली, "मॅडम, त्याला आत टाका. जन्मभर टाका, पुन्हा उंबऱ्याला पाय लागू देऊ नका. पण त्याचं मरण माझ्या पोरीच्या डोक्यावर नका ठेवू."

महिन्याभरापूर्वीच, २५ नोव्हेंबरला, मुंबई उच्च न्यायालयाने शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात तिघांची फाशी रद्द करून नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत कारावास दिला होता. ना पॅरोल, ना फर्लो. तेव्हा बार रूममध्ये त्या निकालावर किती आदळआपट झाली होती! आणि ही बाई जिन्यात उभी राहून नेमकं तेच मागत होती. पोक्सोच्या कलम ६ मध्येही ते आहे: किमान २० वर्षं, उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात, किंवा मृत्युदंड. यातला शेवटचा पर्यायच सगळ्यांना ऐकू जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत दरवर्षी एक गोष्ट तशीच असते: बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीतला. काका, मामा, शेजारी, शिकवणीवाला. मोर्चात आपल्या डोळ्यांसमोर अनोळखी नराधम असतो. माझ्या फायलींत मात्र घरातलं माणूस असतं, आणि त्याला फासावर पाठवायचं ओझं सगळं घर मिळून पोरीच्या खांद्यावर टाकतं. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ साली बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही तेव्हा मी चिडले होते. शिवाय फाशी सुनावली म्हणजे झालं असंही नाही. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या प्रकरणात बलात्कारासोबत खूनही होता. तिथेसुद्धा अंमलबजावणीला उशीर झाला म्हणून २०१९ मध्ये फाशीची ३५ वर्षं कैद झाली. आज मला मोठी शिक्षा नको, पक्की शिक्षा हवी आहे.

आमचा आरोपी फेब्रुवारीत सुटला. तक्रार तीन महिन्यांनी झालेली, त्यामुळे वैद्यकीय पुरावा नव्हता, आणि नुसता १६४ चा जबाब हा स्वतंत्र पुरावा होत नाही. निकालात चूक काढायला मला जागा सापडली नाही. तो त्याच वाड्यात परत गेला. मायलेकी मामाच्या गावी निघून गेल्या. शक्ती विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

साक्षीच्या दिवशी संध्याकाळी पट्टेवाल्याने मला तो डबा आणून दिला. खोलीतच राहिला होता. चार लाडू होते, चारही तसेच.

आता जामिनाला विरोध करताना मी ‘फाशी’ हा शब्द उच्चारत नाही. परवा एका खटल्यात साक्षीच्या आदल्या दिवशी एक आई आली, लेक सोबत. आरोपी मुलीचा मामा, म्हणजे या बाईचा भाऊ. बसायच्या आधीच तिने विचारलं, "त्याला फाशी होईल का?" मी तिच्यासमोर कलम काढलं, किमान २० वर्षं कुठे लिहिलंय तिथे बोट ठेवलं आणि सांगितलं, शिक्षा कोर्ट देईल, पण या प्रकरणात सरकारतर्फे मी फाशी मागणार नाही, लांब कैद मागणार आहे. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने विचारलं, "मग उद्या किती वाजता यायचं?"