दिवा लागला नाही तर काय बिघडतं?

"आवाज येतोय ना? मग त्या एवढ्याशा दिव्यासाठी कीबोर्ड कशाला उघडून बसलात?" हा प्रश्न भाच्याने विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्या पोराकडून मी एलईडी घेतो त्याने तर दर खेपेला विचारला. आजवर "छंद आहे हो" म्हणून वेळ मारून नेली. छंदबिंद काही नाही. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सांगतो आणि सुटतो.

कीबोर्ड म्हणजे माझा एन्सॉनिक मिराज. १९८५ च्या आसपासचं अमेरिकन सॅम्पलर, म्हणजे बाहेरचा आवाज टिपून घेऊन तो पट्ट्यांवर वाजवणारं वाद्य. ८ बिट, एका वेळी ८ आवाज, मेमरी १२८ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा सुप्रभातचा फोटोही तेवढ्यात मावायचा नाही. बंद केलं की ते सगळं विसरतं, आपण कीबोर्ड आहोत हेसुद्धा. दर वेळी फ्लॉपी घालून त्याला त्याची ओळख करून द्यावी लागते. फ्लॉपी ड्राइव्हच्या तोंडाशी एक लाल दिवा. तो पेटलेला म्हणजे ड्राइव्ह वाचतोय किंवा लिहितोय; तेव्हा फ्लॉपीला हात लावायचा नाही आणि स्विचला तर नाहीच. नियम एवढाच.

तो दिवा १९९५ च्या दिवाळीपासून कधी लागायचा, कधी नाही. एकाला दाखवलं. त्याने दोन टिचक्या मारल्या, दिवा लागला. "चालतंय की! वाजवा बिनधास्त." मी वाजवलं. त्याला दोष द्यायला मला आवडेल, पण मलाही तेच ऐकायचं होतं. सीझन तोंडावर होता आणि ऑर्केस्ट्रात दुसरा कीबोर्ड नव्हता.

त्याआधी मामाचं सांगायला हवं. मामा गोंधळात संबळ वाजवायचा. १९९३ मध्ये त्याच्या पडवीत बसून मी त्याच्या संबळाचा एक टोला मिराजमध्ये घेतला. त्याला बजावलं होतं, एकच मार आणि गप्प बस. त्याने मारला, घुमारा विरेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "बास का रं?" निम्म्या पट्ट्यांना मिळून ६४ किलोबाइट मिळतात, चांगल्या दर्जाचं घेतलं तर जेमतेम २ सेकंद. त्यात "बास" तेवढं सापडलं, "का रं" बाहेर राहिलं. मी आवाजाची शेवटची खूण अलीकडे ओढली, म्हणजे पट्टी दाबल्यावर टोलाच वाजायचा. पण "बास" पुसलं नव्हतं. खूण पुढे सरकवली की ते परत यायचं. खालच्या पट्ट्यांवर जाड, झोपेतल्यासारखं. वरच्या पट्ट्यांवर शाळकरी पोरासारखं. मामा १९९५ च्या पावसाळ्यात गेला. त्यानंतर किती रात्री हेडफोन लावून मी ती खूण पुढे सरकवली असेल, याचा हिशोब घरात कुणाला नाही.

मे १९९६. माण तालुक्यात एका वाड्यावर हळदीचा कार्यक्रम. दुपारचे दोन, वर नावापुरता मांडव, शेजारी जनरेटर. उघड्यावर संबळाचा आवाज दबतोय असं वाटलं म्हणून मी फिल्टर जरा उघडला, म्हणजे आवाज थोडा उजळ केला. छान लागलं. कार्यक्रम संपल्यावर ते तसंच फ्लॉपीवर जपून ठेवावं असं मनात आलं, जुन्या जागीच. घरी जाऊन केलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण टेम्पोवाला घाई करत होता, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होतो.

सेव्हचं बटण दाबलं. जनरेटरच्या धडधडीत ड्राइव्हची कुरकुर ऐकू येईना. समोरच्या दोन आकडी खिडकीवर ऊन पडलेलं, आकडे दिसेनात. मी दिव्यावर हाताची सावली धरली, डोळा अगदी जवळ नेला. दिवा विझलेला. झालं, असं म्हटलं आणि मागचा स्विच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॉपी घातली. ड्राइव्ह खर्र-खर्र करत राहिला, थांबला, पुन्हा खर्र. व्हायोलिन आलं, ब्रास आलं. संबळ आलंच नाही. त्या दिवशी मी ती फ्लॉपी चाळीसेक वेळा तरी घातली असेल. बायको म्हणाली, जेवून घ्या. मी म्हटलं, एकदाच.

कॉपी नव्हती का? हा तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. नव्हती. कंपनीच्या व्हायोलिनच्या तीन कॉप्या होत्या.

आता दिव्याचं. मिराज बरीच वर्षं कपाटावर पडून होता. निवृत्तीनंतर खाली काढला. आधी एलईडी बदलला, तो उलटा बसवला, पेटला नाही. सरळ बसवला; पेटला, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग भंगारातला पीसीचा ड्राइव्ह लावून पाहिला, तर दिवा विझेचना. रिबन केबल उलटी लागली की असंच होतं. सुलटी केली तर ड्राइव्ह ढिम्म, कारण पीसीचे ड्राइव्ह दुसऱ्या नंबरवर लावलेले असतात आणि सॅम्पलर हाक मारतं पहिल्याला. हा सगळा खटाटोप फुकट, हे कबूल. मूळ एलईडी मल्टिमीटरच्या डायोडवर लावला तेव्हा मंद उजळला, १.८ व्होल्टच्या आसपास. म्हणजे तो बिचारा कधी गेलेलाच नव्हता.

शेवटी भिंग घेतलं. एलईडीच्या शेजारी, त्याला वीज देणाऱ्या जोडावर सोल्डरचं टेकाड, आणि त्याच्याभोवती केसाएवढी गोल भेग. ड्राय सोल्डर, म्हणजे वरून धड दिसणारा पण आतून सुटलेला जोड. फ्लॉपी ढकलून ढकलून पडलेली असणार. सुनेचा हेअर ड्रायर आणून दोन मिनिटं गरम हवा सोडली, दिवा गेला. पंख्याखाली धरला, आला. पुन्हा गरम, पुन्हा गेला. पाच वेळा केलं.

म्हणजे ऊनच होतं तर! त्या दुपारी ड्राइव्ह लिहीत होता आणि भेग उन्हाने उघडली होती. हे कळलं तेव्हा मला अर्धा तास बरं वाटलं. मग १९९६ चा मी समोर येऊन बसला. मी त्याला म्हटलं, तुझी चूक नव्हती, ऊन होतं. तो म्हणाला, दिवा सहा महिने फसवतोय हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, मग सावली कशाला धरलीस? त्यावर तो काही बोलला नाही. मलाही सुचलं नाही.

सोल्डर नवं केलं, पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने, दहा सेकंदांचं काम. भाचा म्हणतो, ड्राइव्हच काढा आणि पेनड्राइव्हवाला बसवा, तसे मिळतात. मिळतात. बरोबरच आहे त्याचं. पण मी बसवलेला नाही, आणि याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही.

परवा त्याच्यासमोरच एक आवाज सेव्ह केला. दिवा पेटला, मग विझला. मी स्विचवर हात ठेवून मोजत होतो. बारावर असताना तो म्हणाला, "मामा, विझला की."

"दिसलं," मी म्हटलं, आणि पुढे तेरा मोजले.