अठ्ठावीस आणि एकवीस

जुलैचा शेवटचा आठवडा होता आणि कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकत आले होते. सांगलीत अशा दिवसांत कोणीही कोणालाही भेटले तरी पहिला प्रश्न ‘किती फूट?’ हाच असतो, आणि २०१९ च्या महापुरानंतर तर त्या प्रश्नात कुतूहल कमी आणि धास्ती जास्त असते. गावभागातले लोक सामान माडीवर चढवत होते, नदीकाठच्या गावांकडचे काही रस्ते बंद झाले होते, त्यामुळे विश्रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात एरवी जिथे तीस-पस्तीस रुग्ण बसलेले असतात, तिथे त्या सकाळी चारच माणसे होती. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. गर्दीचे मुद्दाम सांगते, कारण नेहमीसारखी रांग असती तर त्या दिवशी जे माझ्या लक्षात आले ते आले नसते.

तिसरा नंबर त्याचा होता. ओळख पटू नये म्हणून मी नाव देत नाही आणि काही तपशील बदलते. लिहायला त्याची आणि त्याच्या आईची संमती आहे. वय सत्तावीस, कुपवाड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या यंत्रावर कामाला. जन्मदाखल्यावर मुलगी. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असेच बोलतात, त्यामुळे हे पोर लहानपणापासून स्वतःबद्दल पुल्लिंगी बोलत होते तरी घरात कोणाचे कान टवकारले गेले नाहीत. घोटाळा झाला तो आईचा, आणि तोही तृतीयपुरुषी क्रियापदांत. आधी ती ‘गेली, आली’ म्हणे, मग चुकून ‘गेला’ म्हणे आणि ओशाळे. शेवटी तिने आपल्यापुरती वाट काढली आणि ती त्याला नुसते ‘बाळ’ म्हणू लागली. ‘बाळ जेवलं नाही, बाळ कामाला गेलं नाही.’ मराठीत नपुंसकलिंगाचा इतका प्रेमळ उपयोग मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला तो पत्रासाठी. हार्मोन सुरू करण्यापूर्वी अंतःस्रावतज्ज्ञ मनोविकारतज्ज्ञाचे मत मागतात. पारलिंगी असणे हा मानसिक आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘लिंगभाव-विसंगती’ मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलेली आहे. पण त्याला नैराश्य होते, आणि ते चांगलेच होते. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी आम्ही वापरतो. तिच्यात २७ पैकी त्याचे १९ गुण आले होते. मी पत्रही दिले आणि एस्सिटॅलोप्रॅमच्या १० मिलिग्रॅमच्या गोळीने औषधही सुरू केले. मिरजेच्या डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन चालू केले. चौथ्या महिन्यात पाळी थांबली, आवाज फुटला, आणि गॅसचा नंबर लावताना पलीकडचा माणूस त्याला ‘दादा’ म्हणाला, हे सांगायला तो ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधीच येऊन गेला. वर्षभरात गुण ७ वर उतरले. आईलाही पटले, निदान तिने तक्रार थांबवली.

दुसऱ्या वर्षी मात्र आलेख बिघडला. दोन भेटी चांगल्या जात आणि तिसऱ्या भेटीला तो चुरगळलेल्या कागदासारखा समोर बसे. झोप नाही, अंगात त्राण नाही, सुपरवायझरशी भांडण, दोन-दोन दिवस खाडा. मी गोळी १५ वर नेली. पुढच्या भेटीला तो हसत आला. मला वाटले, औषध लागू पडले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, मी २० केली, पुन्हा सुधारणा. त्या पावसाळी सकाळी तो परत तशाच अवस्थेत आला तेव्हा माझ्या डोक्यात द्विध्रुवी विकाराचे, म्हणजे मन आलटून पालटून उसळते आणि खचते त्या आजाराचे, निदान घोळू लागले होते आणि मनःस्थिती स्थिर करणाऱ्या दुसऱ्या औषधाचे नाव कागदावर उतरायच्या बेतात होते.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे मी त्याला नेहमीप्रमाणे सरळ विचारले. नवख्यांना वाटते की असे विचारल्याने विचार डोक्यात घुसतात. तसे होत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. तो म्हणाला, ‘‘येतात मॅडम. पण त्या चार दिवसांतच. नंतर आठवलं की वाटतं, तो मी नव्हतोच.’’

‘त्या चार दिवसांत’ हे शब्द मी ऐकले आणि लिहूनही घेतले, पण थांबले नाही. मला थांबवले ते आईने. पदराने चेहरा पुसत ती म्हणाली, ‘‘मॅडम, पाळी गेली एकदाची, पोरगं सुटलं म्हटलं, तर ह्ये आनि काय पाळीगत यायला लागलंय?’’

तो तिच्यावर उखडला. ‘‘आई, तो शब्द काढू नको म्हणून किती वेळा सांगितलंय!’’ त्याचा राग रास्तच होता. पण बाई बरोबर बोलत होती. मी पेन खाली ठेवले आणि त्याला पहिल्यांदाच विचारले, की इंजेक्शन नेमके कोणते, किती आणि किती दिवसांनी. माझ्या केसपेपरवर प्रत्येक भेटीला एकच नोंद होती: ‘हार्मोन चालू’. दोन वर्षे मी तेवढ्या दोन शब्दांवर भागवले होते.

सुरुवातीला तो दर पंधरा दिवसांनी मिरजेला जाऊन कमी मात्रेचे इंजेक्शन घेत असे. मग कारखान्यात शिफ्ट बदलली, रजा मिळेना, म्हणून त्याने डॉक्टरांना सांगून दर एकवीस दिवसांनी २५० मिलिग्रॅमचे पूर्ण इंजेक्शन घराजवळ घ्यायला सुरुवात केली. ते तेलातले, टेस्टोस्टेरॉनच्या चार संयुगांचे मिश्रण असते. टोचल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातली पातळी उंच चढते आणि तिसऱ्या आठवड्यात उतरणीला लागते. बदल कधी झाला हे त्याला नक्की आठवेना. आईला आठवत होते. म्हणजे तिच्या भिंतीला आठवत होते.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती सगळे लिहीत असे. शेजारणीला फोन करून तिने पानांचे फोटो मागवले. बाहेर कोणी ताटकळत नव्हते, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे आम्ही तिघे निवांत त्या फोटोंची वाट पाहत बसलो. मोबाईलवर सात पाने आली. दुधाच्या खाड्यासाठी फुली, सिलिंडर लावल्याच्या दिवशी ‘टाकी’, भिशीचा हप्ता, आणि मधूनमधून निळ्या पेनाने ‘सुई’. त्याच चौकटींतून, बारीक अक्षरात, ‘बाळ जेवलं नाही’. मी कागदावर तारखा उतरवल्या. सात महिन्यांत ‘जेवलं नाही’ असे सव्वीस दिवस होते, त्यांतले बावीस दिवस सुईच्या आधीच्या चार-पाच दिवसांत पडत होते.

मग माझ्या भेटींच्या तारखा त्यांच्याशेजारी मांडल्या आणि मला खरोखर घाम फुटला. मी त्याला दर चार आठवड्यांनी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी बोलवत होते आणि इंजेक्शन एकविसाव्या दिवशी होते. फरक सात दिवसांचा. एका भेटीला तो सुईनंतर सहाव्या दिवशी समोर असे, पुढच्या भेटीला तेराव्या, त्यानंतर विसाव्या, आणि पुन्हा सहाव्या. म्हणजे दर तिसऱ्या भेटीला मला तो खड्ड्यात दिसणार आणि त्यापुढच्या भेटीला हमखास वर आलेला दिसणार, मग मी मधे गोळी वाढवो किंवा न वाढवो. पीएचक्यू-९ गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, पण माणूस उत्तर देतो ते त्या दिवशीच्या मनाने. माझ्या दोन्ही ‘यशस्वी’ वाढींचे श्रेय पंचांगाला होते.

हे मी त्याला समजावून सांगितले तेव्हा तो त्या दिवसात पहिल्यांदा थोडा हसला. ‘‘इन्सर्ट घासत आला की जॉबचं माप हलायला लागतं,’’ तो म्हणाला. ‘‘नवीन पोरगं असलं की ऑफसेट देत बसतं. माप येतं, परत हलतं. तुम्ही ऑफसेट देत होता मॅडम.’’ इन्सर्ट म्हणजे यंत्रातले कापायचे पाते, जॉब म्हणजे घडवायचा तुकडा, आणि ऑफसेट म्हणजे पाते न बदलता यंत्राला दिलेली मापाची दुरुस्ती.

इंजेक्शन दुसऱ्या दिवशी होते, त्यामुळे खालची पातळी मोजायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. त्याच्या फाईलमधला आधीचा अहवाल सुईनंतर सातव्या दिवशीचा होता आणि त्यात टेस्टोस्टेरॉन ७८० होते, म्हणून सगळे ठीक म्हणत राहिले. त्या दिवशीच्या रक्तात ते १६० निघाले. पुरुषांत ढोबळमानाने ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरतात. मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी आढेवेढे न घेता मान्य केले की अंतर वाढवताना मनःस्थितीचा विचार झाला नव्हता. त्यांनी निम्मी मात्रा दर दहा दिवसांनी देण्याचे ठरवले आणि टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर जाऊ न देण्याची आठवण केली.

आईचा प्रश्न वेगळाच होता. सुईने असे होत असेल तर सुईच बंद का करू नये? भावकीत ‘हार्मोननं डोकं फिरतं’ हे तिने अनेकदा ऐकले होते. मी तिला मेलबर्नच्या एका अभ्यासाविषयी सांगितले. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टेस्टोस्टेरॉन हवे असलेल्या ६४ प्रौढांपैकी काहींना ते लगेच दिले आणि काहींना तीन महिने नेहमीच्या प्रतीक्षायादीत ठेवले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ही विभागणी केली होती. लगेच मिळालेल्यांचे नैराश्य आणि आत्महत्येचे विचार स्पष्टपणे जास्त कमी झाले. तिला मी हेही सांगितले की माणसे ६४ आणि काळ तीनच महिन्यांचा. पारलिंगी स्त्रियांच्या बाबतीत तर जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्याला त्यांच्या कसोटीला उतरणारा एकही अभ्यास सापडला नव्हता. बहुतेक अभ्यास ‘आधी-नंतर’ या पद्धतीचे आहेत, कल बरे वाटण्याकडे आहे, पण त्यात हार्मोनचा वाटा किती आणि कोणीतरी ‘दादा’ म्हटल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. (माझ्या मते ते फार वेगळे काढूही नये, पण हे माझे मत झाले.)

याच दवाखान्यात मी उलट चित्रही पाहिले आहे. यल्लम्माचा जग (देवीच्या मूर्तीची टोपली) डोक्यावर घेणारी एक पारलिंगी जोगती मेडिकलमधून संततिनियमनाच्या गोळ्या आणून दिवसाला चार-चार घेत असे, कारण तिला कोणी डॉक्टर दारात उभे करीत नव्हता. त्या गोळ्यांतल्या एथिनिल इस्ट्रॅडिऑल या स्त्री-हार्मोनने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. तिला त्याबद्दल कोणी काही सांगितलेले नव्हते. पुरुष-हार्मोन दाबणाऱ्या सायप्रोटेरॉनने काहींचे मन खचते, हेही नोंदलेले आहे. कोणते औषध, किती, किती दिवसांनी, हे विचारल्याशिवाय ‘हार्मोनचा मनावर परिणाम’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

पुढच्या तीन महिन्यांत मी त्याला मुद्दाम सुईनंतरच्या वेगवेगळ्या दिवशी बोलावले. गुण ७, ६, ८ आले. एस्सिटॅलोप्रॅम घाई न करता १० वर आणली. दुसऱ्या औषधाचे नाव कागदावर आले नाही.

दिवाळीनंतर आईचा फोन आला: बाळ दोन दिवस खोलीबाहेर आलेले नाही. मी पहिला प्रश्न सुईचा केला. चौथा दिवस, म्हणजे पातळी चांगली वर असणार. मग कळले की चुलतभावाचे लग्न होते, पत्रिकेत त्याचे जुने नाव छापले होते, आणि काकांनी ‘लग्नापुरती साडी नेस’ असा निरोप पाठवला होता. पुढच्या भेटीला आईने कॅलेंडरचे पान गुंडाळून आणले. त्या दोन चौकटींत नेहमीसारखे ‘जेवलं नाही’ लिहिले होते आणि खाली, वेगळ्या पेनाने, ‘सुईमुळं नाही. भाऊजींमुळं.’