केस पडला कधी, त्यावर आहे सगळं

घरी बिअर करते असं सांगितलं की ज्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही ते विचारतात "कायद्याने चालतं का गं?" आणि ज्यांनी पाहिलंय ते विचारतात "अगं पण मग ते कुत्र्या-मांजराचे केस?"

पहिल्याचं उत्तर पटकन देऊन टाकते. आम्ही राहतो अमेरिकेत, आणि इथे १९७८ साली प्रेसिडेंट कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हापासून घरच्यापुरती बिअर करायला केंद्र सरकारची आडकाठी नाही, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर चालते, आता एवढी बिअर पिणारी दोन माणसं पुढची बिअर करायला उभी तरी राहतील का हा वेगळा विषय. पुण्यात असते तर हे असं लिहिलंच नसतं, तिकडे लायसनशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्यात सरळ गुन्हा आहे.

दुसरा प्रश्न मात्र लांबण लावणारा आहे. आमच्याकडे बंडू आहे, पिवळा लॅब्रॅडोर, आणि ठमी आहे, लांब काळ्या केसांची मांजर. लॅब वर्षातून दोनदा आतला मऊ कोट उतरवतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, बंडूने ते वाचलेलं नाही, तो बारा महिने उतरवतो. त्यात दोघांचे रंग असे की काळ्या पँटवर ह्याचे दिसतात आणि पांढऱ्या चादरीवर तिचे, म्हणजे कुठल्याच रंगाचा कपडा सुटत नाही. तर अशा घरात आपण १९ लिटर उघडं पातेलं ठेवून दिवसभर खटाटोप करतो आणि त्यात केस पडू नये म्हणतो, हे मला स्वतःलासुद्धा कधीकधी विनोदी वाटतं.

पण एक गोष्ट कळली की ताण बराच उतरतो. केस पडला की नाही याला तसा फारसा अर्थ नाही, कधी पडला याला आहे. बिअर करताना आधी दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) पासष्ट-सदुसष्ट डिग्रीच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं, ते गोड पाणी गाळून घ्यायचं (त्याला वर्ट म्हणतात), मग हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुलं) घालून तासभर खळखळ उकळायचं. इथपर्यंत केस पडला तर तो शिजतो, बास. चमच्याने काढा, नाही दिसला तर तळाच्या गाळात जाईल, बिअरला त्याचं काही सोयरसुतक नाही. त्याच्यावर जे काही जंतू बसून आले होते ते तासभराच्या उकळीत मेले.

गॅस बंद केला की मग खरी गंमत सुरू. आता ते गोड पाणी शंभर डिग्रीवरून वीसवर आणायचं आणि यीस्ट टाकायचं, आणि मधल्या काळात ते असतं गोड, कोमट आणि बिनमालकाचं, जो पहिला येईल त्याचं. केस स्वतः काही करत नाही हो, केसावर बसून जे येतं ते करतं. बंडू मागच्या अंगणात लोळून आलेला असतो, ठमीने कुठली कुठली खिडकी पुसलेली असते, त्या केसावर लॅक्टोबॅसिलस नावाचा आंबवणारा जंतू असतो, जंगली यीस्ट असतं. ते आधी शिरलं तर बिअर आंबट होते, कधी औषधी बँडेजसारखा वास येतो, कधी बाटलीत आतल्या आत आंबत राहून झाकण उघडल्यावर कारंजं उडतं. माणूस आजारी मात्र पडत नाही, कारण एकदा यीस्टने ताबा घेतला की अल्कोहोल, आंबटपणा, हॉप्सचा कडूपणा आणि आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड यात माणसाला त्रास देणारे जंतू वाढत नाहीत. म्हणजे जपायचा वेळ फक्त अर्धा-पाऊण तासाचा. दिवसभर केसांच्या मागे धावण्यापेक्षा त्या पाऊण तासात घरात कोणी वारा घालत नाही ना एवढं बघायचं.

"वारा" हे मी अगदी खरोखरच्या अर्थाने म्हणतेय. मिनेसोटात हिवाळ्यात घर गरम करायला फर्नेसचा पंखा सगळ्या खोल्यांत हवा ढकलत असतो, आणि आमच्या घरात हवा म्हणजे केस धरून. गॅस बंद केला की मी आधी थर्मोस्टॅटवर तो पंखा बंद करते, पातेल्यावर झाकण अर्धं सरकवते, त्या फटीतून चिलरच्या (आतून नळाचं गार पाणी खेळवायच्या) तांब्याच्या नळीची दोन टोकं बाहेर. जानेवारीत नळाला पाणीच इतकं गार येतं की वीसेक मिनिटांत काम होतं. नवीन लोक पातेलं उचलून बाहेर बर्फात नेऊन ठेवतात, ऐकायला भारी वाटतं, पण पातेल्याच्या भोवतीचा बर्फ वितळून मध्ये हवेची पोकळी राहते आणि गार होता होत नाही. आणि आणखी एक, व्हॅक्यूम आदल्या दिवशी करायचा. त्याच दिवशी सकाळी केला तर खाली बसलेलं सगळं वर उडवून ठेवतो आपण आणि ते परत खाली बसायला नेमकी पातेल्याची वेळ साधतं. आणि अंगात फ्लीसचं जॅकेट नको. घरात घालायला त्याच्यासारखं उबदार काही नाही पण ठमी त्यावर झोपलेली असते, मग पातेल्यावर वाकलं की झालंच. सुती टीशर्ट, बाह्या वर, केस बांधलेले. माझे स्वतःचे केस हा विषय कोणी काढत नाही, बरं आहे.

प्लॅस्टिकच्या बादलीचं एक मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, बघून बघून कळलं. हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की फर्मेंटरची बादली (यीस्ट टाकल्यावर बिअर जिच्यात आंबत ठेवतात ती) कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यात स्टॅटिक भरतं. मग ठमी नुसती दोन फुटांवरून गेली तरी तिचा एखादा केस हवेत आडवा होतो, जरा थांबतो, आणि सुळकन बादलीला जाऊन चिकटतो, उभाच्या उभा. झटकला तर हाताला, हातावरून परत बादलीला. उपाय साधा, पुसायचीच नाही. आतून बाहेरून सॅनिटायझरने ओली ठेवायची, ओल्या बादलीला केस ओढून घेता येत नाही. मी स्टार सॅन वापरते, १९ लिटर पाण्यात ३० मिली, धुवायची गरज नाही, फेस राहिला तरी चालतो. पण ते जंतू मारतं, घाण काढत नाही, त्यामुळे आधी घासणं आलंच. आणि झाकणाच्या कडेला जी रबरी रिंग असते ती काढून बघायची, तिच्याखालच्या खाचेत केस वेटोळं करून बसलेला असतो आणि वरून काही दिसत नाही. बादलीच्या नळाच्या आट्यांतही तेच. बाटल्या भरायच्या दिवशी एकेक बाटली ट्यूबलाइटसमोर धरून तोंडातून तळाकडे बघायचं, तपकिरी काचेत पिवळा केस दिसत नाही आणि काळा दिसतो, म्हणजे इथे ठमी पकडली जाते, बंडू सुटतो.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई मिरजेहून आल्या होत्या. दारू हा शब्द त्यांच्या देखत उच्चारायची सोय नाही म्हणून नवऱ्याने "जवाचं काहीतरी करतेय ती" असं सांगून ठेवलं होतं. आई दोन मिनिटं ओट्याशी उभ्या राहिल्या, वास घेतला, आणि म्हणाल्या, "काय करताय ते कळतं मला. तुमचं तुम्ही बघा. पण त्या कुत्र्याला आधी बाहेर घाल." त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून आईच बसायला लागल्या, हातात जपमाळ, पायाशी बंडू अडवलेला. लोणच्याची बरणी भरताना ओल्या हाताला जो मज्जाव असतो तोच त्यांनी इथे लावला, मी सॅनिटायझरमधून काढलेला चमचा ओट्यावर टेकवला की "अगं, परत बुडव" आलंच. मी इतकी पुस्तकं वाचून जे शिकले ते ह्यांना जन्मतः येत होतं. बिअरचा थेंब त्यांनी घेतला नाही, पण फोनवर मिरजेला कोणाला तरी "स्वच्छ असतं हो अगदी" असं सांगताना मी ऐकलंय.

आपल्याला ज्याची किळस येते आणि बिअर ज्याने बिघडते त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार थोडा संबंध आहे, असं माझं हल्ली मत झालंय. अमेरिकेच्या एफडीएची (खाण्यावर आणि औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) एक यादी आहे, खाण्याच्या कुठल्या पदार्थात किती "नैसर्गिक" घाण चालवून घ्यायची त्याची. हॉप्समध्ये दर १० ग्रॅमला सरासरी २,५०० पर्यंत मावा (झाडांवरची बारीक कीड) चालतो. अडीच हजार किडे! करी पावडरमध्ये २५ ग्रॅमला सरासरी चार उंदराचे केस झाले तर मग हरकत घेतात, चारच्या आत असले तर चालतं. म्हणजे दुकानातली बिअर पिताना आपण जे पितो त्याच्यापुढे बंडूचा एक केस म्हणजे किरकोळ, निदान तो ओळखीचा तरी आहे. ओरेगनच्या रोग (Rogue) नावाच्या ब्रुअरीने तर त्यांच्या ब्रूमास्टरच्या दाढीतून यीस्ट काढून, लॅबमध्ये वाढवून २०१३ साली बिअर विकली, नावच दिलं बिअर्ड बिअर. लोकांनी नाकं मुरडली आणि विकतही घेतली. आणि ब्रसेल्समध्ये कँतियाँ म्हणून जुनी ब्रुअरी आहे, लँबिक नावाची आंबट बिअर करणारी, ते लोक थंडीच्या दिवसांत उकळलेलं वर्ट माळ्यावर पसरट उघड्या हौदात रात्रभर ठेवतात, हवेतून येईल ते यीस्ट पडू दे म्हणून. तिथली कोळिष्टकंही काढत नाहीत कारण कोळी माशा खातात. मी पाऊण तास श्वास रोखून जे टाळते ते हे लोक मुद्दाम बोलावून वर दोन-तीन वर्षं पिंपात ठेवतात. पण त्यांना आंबटच हवी असते, आणि मला नको असते, फरक एवढाच.

मांजर आणि धान्याची दारू यांचं नातं तसं जुनंच. जिथे जव तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे मांजर ठेवलेलं. स्कॉटलंडच्या ग्लेनटरेट डिस्टिलरीत टाउझर नावाची मांजर होती, तिच्या नावावर २८,८९९ उंदरांचा गिनेस रेकॉर्ड आहे, तिचा तिथे पुतळा आहे. तिचे केस कुठे गेले याची कोणी नोंद ठेवलेली नाही. ठमीचं योगदान वेगळं आहे. यीस्ट काम करायला लागलं की बादली आतून गरम होते, खोलीपेक्षा तीन-चार डिग्री तरी, आणि हे ठमीला थर्मामीटरच्या आधी कळतं. पहिले दोन-तीन दिवस ती बादलीला पाठ लावून झोपते, आणि ती उठून सोफ्यावर गेली की मी समजते जोर ओसरला. वर एअरलॉकमधून (झाकणावरची पाणी भरलेली छोटी नळी, आतला गॅस बाहेर सोडणारी) बुडबुडे येतात त्याच्याकडे बसल्या बसल्या पंजा उगारते, तेव्हा तिचे केस त्या एअरलॉकच्या पाण्यात पडतात, पडू दे. हवा बाहेर जाते, आत येत नाही. फक्त बादली उचलून एकदम गार जागी नेली की आतली हवा आकसते आणि ते पाणी आत ओढलं जातं, केसासकट, म्हणून नेण्याआधी एअरलॉकचं पाणी बदलायचं, आणि त्यात साध्या पाण्याऐवजी सॅनिटायझर घालायचा.

बंडूला मात्र बिअर करायच्या दिवशी बाहेर ठेवायचं खरं कारण केस नाहीच, आणि हे कुत्रा पाळणाऱ्यांनी जरा नीट वाचा. हॉप्स कुत्र्यांना विष आहेत. उकळून झालेला हॉप्सचा चोथासुद्धा. खाल्ला तर अंगात ताप चढत जातो, ४२ डिग्रीच्या वर जातो, धाप लागते, कुत्रा जाऊ शकतो. ग्रेहाउंडवर जास्त परिणाम होतो म्हणतात पण आपला कुत्रा कुठल्या जातीचा ते बघत बसू नये. हा चोथा मी कंपोस्टमध्ये टाकत नाही, पिशवीत बांधून थेट बाहेरच्या कचऱ्याच्या झाकणाच्या डब्यात. माल्टचा चोथा वेगळा, तो हॉप्स पडायच्या आधी काढलेला असतो, त्यात कणीक, अंडं आणि पीनट बटर (साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल नसलेलं, कुत्र्यांना तेही विष) घालून मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवलं की बिस्किटं होतात. बंडूला वर्षभर पुरतील एवढी एका खेपेला होतात पण तो आठवड्यात संपवतो. आईंनी त्यात ओवा घालायचा आग्रह धरला होता, नको म्हटलं.

एवढं सगळं करून बिअर तयार होते, स्वच्छ, केसाचा मागमूस नाही, बाटली उघडली, ग्लासात ओतली, वर दोन बोटं फेस, ग्लास टीपॉयवर ठेवला, आणि बंडू शेपटी हलवत पाहुण्यांना भेटायला आला. त्याची शेपटी आणि आमचा टीपॉय बरोबर एका उंचीचे आहेत. फेसावर पिवळा केस अलगद बसतो, बुडतही नाही. आता इथे माणसांचे दोन गट पडतात. ज्यांच्या घरी कुत्रं आहे ते बोलणं न थांबवता करंगळीने केस काढून पँटला पुसतात आणि पितात. बाकीचे माझ्याकडे बघतात. त्यांच्यासाठी मी झाकणाचे जर्मन पद्धतीचे दोन मग आणून ठेवलेत, अंगठ्याने झाकण उघडायचं, घोट घ्यायचा, परत बंद. ते महाग पडले, आणि नवरा म्हणतो त्यापेक्षा टीपॉय उंच घेतला असता.