पिसं काय, येतात की परत!

हे वाक्य मी एका दवाखान्यात ऐकलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. जखमी घार त्यांच्या ताब्यात देताना मी पिंजऱ्याबद्दल विचारलं होतं. बारीक तारेच्या जाळीचा पिंजरा, आत पत्र्याचा तळ. जाळीला आतून चादर लावा असं म्हटलं, तर तिथल्या माणसाने हे उत्तर दिलं. त्या एका उत्तरापायी घार मोकळी होण्याचा काळ कित्येक पटींनी लांबला.

त्याआधीचं सगळं सुरळीत झालं. ती जमिनीवर बसलेली होती, डावा पंख लोंबत होता. अंगावर जाड टॉवेल टाकून उचलली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकण लावलं. शिकारी पक्षी धरताना लोक चोचीला घाबरतात, पण जपायचं असतं ते पायांना. नखं एकदा रुतली की पकड सुटत नाही. वाटेत खायला-प्यायला काही दिलं नाही. खंगलेल्या, गारठलेल्या पक्ष्याच्या पोटात एकदम मांस गेलं तर शरीराला ते पेलत नाही आणि तो दगावू शकतो. आधी ऊब, मग जाणकाराच्या हातून सलाईन, अन्न त्यानंतर. चोचीत पाणी ओतणं तर नकोच, ते सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं.

एक्स-रेत अल्ना मोडलेलं दिसलं, शेजारचं रेडियस शाबूत होतं. पंखातली ही दोन हाडं जोडीने असतात. एक धड असलं की तेच दुसऱ्याला आधार देतं, त्यामुळे अशा मोडीला बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागत नाही. पंख नीट बांधला, औषधं दिली. पक्ष्यांची हाडं झपाट्याने जुळतात, साधी मोड तीनेक आठवड्यांत धरते. तिचीही धरली. डॉक्टरांचं काम चोख होतं, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

पण मी तिला पुनर्वसन केंद्रात न्यायला गेले तेव्हा ती ओळखू येईना. माणूस जवळ आला की ती जाळीवर झडप घालायची, आणि प्रत्येक झडपेला पिसं तारेत अडकून मोडायची. शेपटीच्या १२ पिसांतलं एकही धड नव्हतं, त्यांचे नुसते दांडे उरले होते. उजव्या, म्हणजे चांगल्या पंखाची टोकाची पिसंही अर्ध्यावर तुटलेली. घार शेपटी पिळून वळते, हवेत तोल सांभाळते. शेपटी नसलेल्या घारीला सोडणं म्हणजे उपाशी मारणं.

आता ‘येतात की परत’चा हिशेब सांगते, कारण हा हिशेब कुणी सांगत नाही. उपटलेलं पीस लगेच उगवू लागतं, पण मोडलेलं उगवत नाही. दांडा मुळात रुतलेला असतो तोवर शरीराच्या लेखी ते पीस जागेवरच आहे. पुढच्या पीसगळीला तो दांडा पडेल तेव्हाच नवं येणार. शिवाय घारीच्या पंखाची १० मोठी पिसं आतून बाहेर अशा क्रमाने गळतात, म्हणजे टोकाची सगळ्यात शेवटी. आणि आपल्या घारीची मोडली होती ती नेमकी टोकाची.

मग मोडके दांडे उपटून का टाकत नाहीत? मीही केंद्रात हेच विचारलं, जरा चढ्या आवाजातच. ओढताना पिसाचं मूळ दुखावलं तर तिथे पुढे कायम वेडंवाकडं पीस येतं किंवा येतच नाही. एकदम बरीच उपटली तर आणखी एक धोका. उगवतं पीस रक्ताने भरलेलं आणि नाजूक असतं, शेजारच्या पक्क्या पिसांच्या आधारानेच ते सुखरूप वाढतं. आधार नसेल तर तेही मोडतं, आणि वर रक्त जातं. त्या काळात खाण्याची आबाळ झाली तर पिसावर आडवी कमकुवत रेघ पडते आणि पुढे तिथूनच ते तुटतं.

राहिला मार्ग पीस जोडण्याचा, इम्पिंगचा. बहिरी ससाणे पाळणाऱ्यांची ही जुनी कला, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १३व्या शतकात ती लिहून ठेवली आहे. मोडका दांडा बुडाशी कापायचा, त्याच्या पोकळीत बांबूची किंवा कार्बनची बारीक काडी बसवायची आणि दुसऱ्या पक्ष्याचं पीस त्यावर चिकटवायचं. दांड्याच्या त्या भागात जाणीव नसते, तरी पक्षी हलू नये म्हणून भूल देऊनच करतात. पण पीस त्याच जातीचं हवं, त्याच बाजूचं, त्याच क्रमांकाचं. आमच्याकडे उजव्या बाजूचं नववं आणि दहावं नव्हतं. कुठल्या तरी घारीच्या मरणाची वाट पाहत बसायचं, हे मनाला फार जड गेलं.

त्या काळात तिचे पाय सांभाळणं हेच मोठं काम होतं. बसून राहणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या तळव्याला सूज येते, ती चिघळली तर हाडापर्यंत जाते. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या बसण्या ठेवायच्या आणि त्यांवर दोरी किंवा कृत्रिम हिरवळ गुंडाळायची. खायला नुसते मांसाचे तुकडे नकोत, हाडं-पिसांसकट अख्खं भक्ष्य हवं. वाढत्या पिल्लांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं वाकतात.

पिल्लांवरून आठवलं: खाली पडलेलं धडधाकट पिल्लू उचलून आणू नका. शक्य असेल तर जाणकाराकडून घरट्यात परत ठेवून घ्या. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप त्याला टाकत नाहीत. घरटंच उरलं नसेल तर साधारण त्याच वयाची पिल्लं असलेल्या त्याच जातीच्या दुसऱ्या घरट्यात ते खपून जातं. एकट्याने माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू स्वतःला माणसातलं समजू लागतं, आणि ते मग सहसा सुटत नाही.

अखेर पिसं मिळाली. जोडल्यावर ती पहिल्यांदा लांब पिंजऱ्याच्या या टोकाहून त्या टोकाला गेली आणि वळून परत आली, तेव्हा मी रडले. पुढे रोज उडवून दम वाढवला, उतरल्यावर चोच उघडी ठेवून धापा टाकेनाशी झाली तेव्हा स्वच्छ हवेच्या सकाळी सोडली. जोडलेली पिसं पुढच्या पीसगळीत आपोआप पडतात आणि तिथे तिची स्वतःची येतात.

तुमच्या हाती असा पक्षी आला तर दवाखान्याला फोनवरच विचारा, पिंजऱ्याच्या भिंती कशाच्या आहेत. गुळगुळीत भिंती किंवा उभ्या कांबी चालतील, जाळी नको. जाळीच असेल तर आतून कापड ताणून लावा म्हणावं आणि ते लावेपर्यंत तिथून हलू नका. शेपटीला जुन्या एक्स-रे फिल्मचं पाकीट करून चिकटपट्टीने बसवता येतं. पक्षी स्वतःकडे ठेवून घेऊ नका. बहुतेक देशांत परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि पक्ष्याच्याही हिताचं नाही.

आता केंद्रात पिसांची पेटी मी सांभाळते. मेलेल्या पक्ष्याची पिसं सुटी काढून ठेवली तर नंतर क्रम लावता येत नाही, म्हणून पंख आणि शेपटी अख्खीच ठेवते. प्रत्येकावर चिठ्ठी: जात, वय, डावा की उजवा. किडीपासून जपायला आधी सगळं डीप फ्रीजरमध्ये. संसर्गाने मेलेल्या पक्ष्याचं एकही पीस पेटीत जाऊ देत नाही.