एक्स्टेंडर अपडेट: गायब होण्याचं कारण सापडलं, आता वेगळंच खूळ डोक्यात

सापडलं एकदाचं! जिन्याच्या वळणावरचा एक्स्टेंडर (राउटरचं वायफाय पुढं पोचवणारं यंत्र) दिवसभर गुमान चालायचा आणि मध्येच केव्हातरी लाल दिवा लावून बसायचा, ते प्रकरण आठवत असेल. खालचा राउटर बंद-चालू केला की लगेच हिरवा. ॲडाप्टर, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर), गरम होणं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कारण निघालं चॅनल (वायफाय ज्या क्रमांकाच्या लहरींवर बोलतं तो), आणि तोही एक्स्टेंडरचा नव्हे, राउटरचा.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी: मंगळवार पेठेतलं जुनं घर, हातभर जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. खाली सोप्यात फायबरचा डबा (तोच राउटर), मागच्या माडीवर आण्णा आणि त्यांचा टीव्ही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आण्णा ती माडीवर लाइव्ह लावतात. परवा पीटीएमची (पाटाकडील तालमीची) फुटबॉल मॅच रंगात आलेली आणि वरून हाक आली, "आरं, परत अडकलं बघ! गोल झाला का न्हाई, त्ये तरी सांग कुनीतरी!"

या वेळी मात्र राउटरला हात लावला नाही. दिवा लाल असतानाच फोन घेऊन एक्स्टेंडरच्या शेजारी पायरीवर बसलो. फोनवर वायफाय ॲनालायझर उघडलं तर आपल्या राउटरचा सिग्नल उणे ६० च्या आसपास, म्हणजे ठणठणीत. मग एक्स्टेंडरच्याच सेटिंगच्या पानावर जाऊन स्कॅन मारलं. गल्लीतली सगळी नेटवर्कं दिसली, आपलं नाही! दोघांच्यात वीतभर अंतर, ॲनालायझरला दिसतंय आणि एक्स्टेंडरला नाही.

मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. फोनच्या यादीत दोन नावं जास्त. एक आपलं, एक मागच्या बोळातल्या कुणाचं तरी. आपला राउटर चॅनल १३ वर, बोळातला १२ वर. एक्स्टेंडरची यादी ११ ला संपत होती. च्यायला!

हा एक्स्टेंडर मावसभावानं अमेरिकेहून येताना आणलेला. आपल्याकडे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये (लहरींच्या पट्ट्यात) १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत विकायच्या उपकरणांत सहसा ११ पर्यंतच असतात. आमच्या एक्स्टेंडरसाठी १२ आणि १३ अस्तित्वातच नाहीत. राउटर 'ऑटो'वर, म्हणजे चॅनल आपला आपण निवडणारा. पेठेत सगळेजण १, ६, ११ वर दाटीवाटीनं बसलेले, त्यामुळं ऑटोला १३ मोकळा दिसायचा आणि तो तिकडं उडी मारायचा. रीस्टार्ट केला की नव्यानं बघून कधी १, कधी ६ धरायचा, म्हणून लगेच जोडलं जायचं. देश बदलायची सोय एक्स्टेंडरच्या पानावर नाहीच, अमेरिकन मॉडेलवर बहुतेक ठिकाणी नसते. तेव्हा बाहेरून कुणी काही आणून देणार असेल तर आधी मॉडेलचा देश विचारा.

मागं एकानं विचारलं होतं की एक्स्टेंडरला वेगळा चॅनल देऊन बघितलास का. देताच येत नाही. एकाच बँडवर एकच रेडिओ राउटरशीही बोलतो आणि आपल्या फोनशीही, म्हणून तो राउटरच्याच चॅनलवर राहणार. सेटिंगमधलं चॅनलचं खोकं करडं असतं ते याचसाठी. त्याच कारणानं वेगही साधारण निम्म्यावर येतो, कारण डेटाचं प्रत्येक पुडकं हवेत दोनदा जातं.

म्हणजे राउटरचाच चॅनल बांधायला हवा. फायबरवाल्यांनी दिलेल्या डब्यात ग्राहकाच्या लॉगिनला ते पानच दिसत नाही. फोन केला तर "सर, एकदा रीस्टार्ट करा." त्यांचं पोरगं घरी आलं, भलं होतं बिचारं, त्यानं ११ करून दिला. थोड्याच दिवसांत डब्याचं फर्मवेअर आपोआप बदललं आणि पुन्हा ऑटो! नाद सोडला. डब्याचं वायफाय बंद, आणि कपाटातला जुना ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीचा) राउटर ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं फर्मवेअर घालून लॅनच्या वायरीनं पुढं जोडला. कंपनीच्या डब्यावर विसंबू नये, हे माझं मत आता पक्कं झालंय.

आता चॅनल कुठला? मोजणी राउटरजवळ उभं राहून करू नका, एक्स्टेंडरजवळ करा. सोप्यात ६ मोकळा दिसतो, जिन्यात त्याच ६ वर समोरच्या इमारतीतले ढीगभर. आणि कमी गर्दी दिसते म्हणून ३ किंवा ४ वर जाऊ नका, ते १ आणि ६ दोन्हींवर अर्धवट चढतात. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून थांबतात, पाळीनं बोलतात. अर्धवट अंगावर येणारा चॅनल मात्र शेजारच्या गल्लीतल्या डॉल्बीसारखा, शब्द कळत नाहीत पण आपलं बोलणं बंद. मी ११ घेतला आणि चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. पेठेत २.४ वर ४० ठेवणं म्हणजे सगळ्या गल्लीशी भांडण. तेव्हापासून लाल दिवा नाही.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण निम्मा वेग डोक्यातून जाईना. राउटर ते एक्स्टेंडर ५ गिगाहर्ट्झवर आणि २.४ नुसता फोन-टीव्हीसाठी मोकळा, असं केलं तर? ५ चा सिग्नल त्या भिंतीतून जात नाही, पण जिन्याच्या वरच्या टप्प्यावर एक झरोका आहे, तिथून सोप्याचं दार सरळ दिसतं. एक्स्टेंडर तिथं हलवला.

तर परत गायब! या वेळी मात्र कुठं बघायचं ते माहीत होतं. राउटरनं ५ वर ऑटोमध्ये ५२ धरलेला. ५२ ते १४४ हे डीएफएसवाले चॅनल, तिथं रडारला आधी मान. राउटरला सुरू होण्याआधी निदान मिनिटभर ऐकत बसावं लागतं आणि रडार दिसलं तर चॅनल सोडावा लागतो. स्वस्तातले बरेच एक्स्टेंडर या भानगडीत पडतच नाहीत. उरले ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५. दोन्हीकडं चाचणी घेतली, १४९ वर पकड बरी मिळाली, तोच बांधला.

आणि मग ते दृश्य! २.४ वरचं राउटरशी जोडणं बंद करून पान पुन्हा उघडलं, तर इतके दिवस करडं असलेलं चॅनलचं खोकं उजळलेलं. क्लिक केलं, यादी खाली उघडली, १ ते ११ सगळे हजर. १ निवडला. खाली राउटरचा २.४ ११ वर, वर एक्स्टेंडरचा १ वर, दोघांची टक्कर नाही. आण्णांनी मॅच सलग बघितली आणि एक अक्षर बोलले नाहीत, म्हणजे पसंत.

दुकानदार अजूनही "मेश घ्या" (एकमेकांशी जोडलेले वायफायचे दोन-तीन डबे) म्हणतोय. अहो, मेशच्या डब्यांनाही हीच भिंत आणि हाच जिना. आतली जोडणी हवेतूनच होणार असेल तर पैसे जाऊन प्रश्न तोच.

पुढचा बेत १४९ वर रुंदी ८० मेगाहर्ट्झ करून बघायचा होता. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की केबल टीव्हीची जुनी काळी वायर सोप्यातून पाइपातून थेट माडीवर जाते आणि ती कित्येक वर्षं मेलेली आहे. तिलाच मागं कॅट-सिक्स (नेटची लॅन वायर) बांधून ओढली तर? एक्स्टेंडरमागं लॅनचं भोक आहे आणि ॲक्सेस पॉइंट मोडही (वायरीतून आलेलं नेट वायफायवर सोडायची सोय) आहे. मग जोडणी वायरीतून, दोन्ही बँड मोकळे. ८० चा बेत रद्द.

अडचण वायरीचीच. बाजारात कॅट-सिक्स म्हणून जे दाखवलं ते ब्लेडनं खरवडलं तर वरचा तांबूस पापुद्रा निघून आत पांढरं ॲल्युमिनियम. दुकानदार म्हणतो सगळे हेच नेतात. मला नको. राजारामपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत अस्सल तांब्याची वायर फुटावर कापून देणारं कुणी ठाऊक असेल तर सांगा. आणि पाइपाला मध्ये दोन वळणं आहेत, तेव्हा कुणाकडं वायर ओढायची लांब स्प्रिंग असेल तर रविवारपुरती द्या.