‘अँटिगनी’ शिकवताना : आधी वही, मग चर्चा

सॉफोक्लीसची ग्रीक शोकांतिका ‘अँटिगनी’ शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला वर्ग निकाल देऊन मोकळा होतो. अँटिगनी बरोबर, क्रेऑन चूक. भावाचं प्रेत उघड्यावर टाका, जो पुरेल त्याला देहदंड, असं फर्मान काढणारा राजा एकीकडे. ते मोडून भावावर मूठभर माती टाकणारी बहीण दुसरीकडे. यात विचार करायचा तो काय, असा भाव चेहऱ्यांवर दिसतो. ‘क्रेऑनचा अहंकार हाच त्याचा प्रमाद’ (प्रमाद म्हणजे नायकाला शोकांताकडे नेणारी चूक) एवढं वाक्य पाठ झालं की परीक्षेचं काम भागतं आणि नाटक हातातून निसटतं. या नाटकात माणसांना मागे फिरायची संधी पुन्हा पुन्हा मिळते. निकाल आधी लागला की त्या संधी वाचकाला दिसतच नाहीत.

म्हणून मी ठरवलं की चर्चेच्या आधी लिहायचं. नाटक सलग वाचायचं नाही. जिथे कुणीतरी काहीतरी ठरवतंय, तिथे पुस्तक मिटायचं आणि वही उघडायची. शेवट मी सांगणार नाही, कुणी शोधूही नये, ही विनंती.

पार्श्वभूमी मात्र सांगावीच लागते. ईडिपसचे दोन मुलगे, म्हणजे अँटिगनीचे भाऊ, थीब्ज शहराच्या गादीसाठी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. मामा क्रेऑन गादीवर आला. शहराच्या बाजूने लढलेल्या इटिओक्लीसला त्याने सन्मानाने पुरलं; परकं सैन्य घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसीसचं प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी सोडून दिलं. इथे मी एक माहिती मुद्दाम देते : इसवी सन पूर्व ४४१ च्या सुमारास हे नाटक पाहणाऱ्या अथेन्सकरांच्या शहरातही देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, भूमीत पुरायला कायद्याने बंदी होती. म्हणजे क्रेऑनचं फर्मान त्या प्रेक्षकांना अगदीच अनोळखी नव्हतं. फरक एवढाच की अथेन्सचा कायदा हद्दीबाहेर पुरू देत होता, क्रेऑन कुठेच पुरू देत नाही. एवढं ऐकलं तरी काही मुलं सावरून बसतात.

पहिला थांबा इस्मिनीचा. अँटिगनी बहिणीकडे मदत मागते, इस्मिनी नकार देते. ‘तुम्हाला काय वाटतं ते लिहा’ असं सांगितल्यावर वह्यांत कथानक आलं, आणि त्याखाली ‘इस्मिनी भित्री आहे’ हे वाक्य. प्रश्न एवढा मोकळा होता की कुणालाच त्यात शिरायला दार सापडलं नाही. मग तो असा केला : इस्मिनीच्या मनात होतं, पण तिने बहिणीला सांगितलं नाही, असं काय असेल? लिखाण तिथे बदललं. एका मुलीने लिहिलं होतं की आई गेली, वडील गेले, भाऊ गेले. आता ही बहीणही गेली तर मी कुणाची बहीण राहणार? इस्मिनी घरातले सगळे मृत्यू एकेक करून मोजून दाखवते, ते संहितेतच आहे. पण भित्री ठरवून झाल्यावर ते कुणी वाचलं नव्हतं.

वहीची मांडणी साधी ठेवली. डाव्या पानावर नाटकातलं वाक्य जसंच्या तसं, उजव्या पानावर त्याला आपलं उत्तर. डाव्या पानाचा आग्रह मी शेवटपर्यंत सोडला नाही. चिंतनलेखन म्हटलं की मन मोकळं करायचं, अशी एक समजूत आहे आणि ती मला पटत नाही. समोर संहितेतलं वाक्य नसेल तर लिहिणारा दोन ओळींत स्वतःकडे वळतो आणि नाटक मागे पडतं. वाक्य समोर असलं की त्याला परत परत तिथेच यावं लागतं.

तरीही घरचं येतंच. प्रेत, भाऊ, बाप-लेकाचं भांडण असे विषय असताना ते येणारच, त्यामुळे याचा विचार आधीच करावा लागतो. मुडपलेलं पान मी वाचणार नाही हा नियम केला आणि पाळला. घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल त्याला प्रेतावरच्या पहारेकऱ्याच्या किंवा कोरसच्या, म्हणजे नाटकभर हजर असणाऱ्या थीब्जच्या वृद्धांच्या समूहाच्या, बाजूने लिहायची मुभा दिली. वहीला गुण नव्हते. समासात मी शाबासकी लिहिली नाही, शुद्धलेखनही तपासलं नाही. फक्त एखादा प्रश्न लिहायचे. ‘हे तो कुणासमोर बोलतोय?’ इतका छोटा.

हा प्रश्न सगळ्यात कामी आला तो क्रेऑन आणि हेमॉनच्या प्रसंगात. त्याआधी क्रेऑनचं पहिलं भाषण वाचून झालं होतं. राज्य सुखरूप असेल तरच नाती टिकतात, देशापेक्षा मित्राला मोठं मानणारा माणूस कवडीमोलाचा, असं तो म्हणतो. त्यातली तुम्हाला पटलेली वाक्यं डाव्या पानावर उतरवा, असं सांगितलं होतं. पानं भरली होती, आणि त्यावर तारीखही होती. आता त्याच क्रेऑनचा मुलगा, अँटिगनीचा वाग्दत्त वर, बापासमोर उभा राहतो. पुराच्या पाण्यात वाकणारी झाडं तगतात, ताठ राहणारी मुळासकट जातात, असं अदबीने समजावतो. इथे पुस्तक मिटलं. क्रेऑनचं उत्तर तुम्ही लिहा.

बहुतेक वह्यांतला क्रेऑन ऐकणारा निघाला. काहींनी त्याला वेळ मागून घ्यायला लावलं. आणि मग संहितेतलं उत्तर वाचलं : माझ्या वयाच्या माणसाने या पोराकडून शहाणपण शिकायचं? वर्गाला ते लागलं, कारण दुसरं उत्तर शक्य होतं हे त्यांनी स्वतःच लिहून पाहिलं होतं. एका मुलाने नंतर खाली भर घातली, की थीब्जचे वृद्ध तिथे उभे आहेत. बाप-लेक एकटे असते तर क्रेऑन कदाचित नमला असता. मला हे फार मोलाचं वाटलं. सॉफोक्लीसच्या कोरसमध्ये पंधरा जण असत आणि एकदा आले की ते बहुधा शेवटपर्यंत रंगमंचावरच राहत. उघड्या नाट्यगृहात घरगुती भांडणसुद्धा चारचौघांतच होतं. ग्रीक रंगभूमीची ही माहिती मी व्याख्यानात दिली असती तर ती टिपणात जाऊन पडली असती. इथे तिची गरज एका मुलाच्या वाक्यातून निर्माण झाली.

अँटिगनीच्या शेवटच्या भाषणावर मात्र वर्ग अडला. नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, ते पुन्हा मिळू शकतात. आईवडील नसताना भाऊ पुन्हा मिळत नाही, असं ती म्हणते. मुलांना फसवल्यासारखं वाटलं. जर्मन कवी गटेलाही हा भाग इतका खटकला होता की तो मूळचा नसल्याचं कुणीतरी सिद्ध करावं, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. वह्यांत राग उमटला. एकीने लिहिलं की मरण खरंच समोर आल्यावर ती स्वतःलाच कारण समजावून सांगते आहे. मी कुठल्याच बाजूने बोलले नाही.

सगळ्यात कसदार पानं आली ती क्रेऑन बदलतो तिथे. त्याने अँटिगनीला जिवंतपणी गुहेत कोंडलेलं असतं. आंधळा भविष्यवेत्ता तिरेसियस याच्या भाकिताने तो हादरतो, कोरसला सल्ला विचारतो. उत्तर स्पष्ट आहे : आधी मुलीला गुहेतून सोडव, मग मृताला थडगं दे. तो निघतो. पुढे दूत येऊन सांगतो, त्यात क्रम उलटा झालेला आहे. आधी पॉलिनायसीसच्या उरलेल्या देहाला स्नान, अग्नी, त्यावर उंच मातीचा ढीग, गुहा नंतर. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हा उलटा क्रम का, ते नाटक सांगत नाही. मी तेवढंच विचारलं. कुणी लिहिलं की त्याला देवांची भीती मुलीच्या जिवापेक्षा मोठी वाटली. कुणी लिहिलं की त्याच्या हिशेबात राजाचा गुन्हा आधी, मामाचा नंतर. वर्गात फारसं न बोलणाऱ्या एकाने लिहिलं, की प्रेत उलटून बोलणार नव्हतं, ती बोलली असती.

‘प्रमाद’ हा शब्द मी यानंतर फळ्यावर लिहिला, शोकांतिकेच्या चर्चेत ही कल्पना मांडणाऱ्या अॅरिस्टॉटलसकट. आता मुलांकडे वाद घालायला साहित्य होतं : एक दोष, की चुकलेल्या वळणांची साखळी? शेवटी पहिल्या नोंदीकडे जाऊन, ती न खोडता, तिच्याखाली लिहायला लावलं. कितीतरी जणांनी क्रेऑनच्या भाषणातली स्वतः उतरवलेली वाक्यं पुन्हा वाचली; ती वाक्यं अजूनही पटतात आणि तरीही तो चुकला, या दोन्हींचं काय करायचं, हा प्रश्न तिथे आला. गुणांचा निबंध वेगळा घेतला, पण तो वहीतल्याच एखाद्या प्रश्नावर बेतायचा, अशी अट घातली.

या पद्धतीला वेळ लागतो. मी तो ग्रीक रंगभूमीवरच्या सुरुवातीच्या व्याख्यानांतून काढला. आता सॉफोक्लीसचंच ‘ईडिपस राजा’ घ्यायचं आहे. तिथे शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे ‘पुढे काय होईल’ या अंगाचे थांबे चालणार नाहीत. प्रत्येक थांब्यावर डाव्या पानावर ईडिपसला या क्षणी नेमकं काय ठाऊक आहे ते, आणि उजव्या पानावर तो काय ऐकायचं टाळतो आहे ते, अशी आखणी सध्या करते आहे.