रिश्टरचा आकडा आणि रिंगेचा हूक

भूकंपाची बातमी आली की सगळे आधी रिश्टर विचारतात. मी इमारतींचे आराखडे तपासतो, मला त्या आकड्याचं फारसं कौतुक नाही. २०१० सालचंच बघा. जानेवारीत हैतीत ७ तीव्रतेचा भूकंप झाला, लाखभराहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारीत चिलीत ८.८ चा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात सुमारे पाचशेपट. तिथे मृत पाचशेच्या आसपास. हैतीचा केंद्रबिंदू राजधानीपासून जेमतेम २५ किलोमीटरवर होता, हे खरं. पण चिलीत बांधकामाचे नियम कडक होते आणि मुख्य म्हणजे बऱ्यापैकी पाळलेही जात होते.

जमीनही घात करते. १९८५ मध्ये साडेतीनशे किलोमीटर लांबून आलेले हादरे मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या गाळात कित्येक पट वाढले. वेळ तर विचारूच नका. किल्लारीला १९९३ मध्ये पहाटे चारच्या सुमारास लोक झोपेत होते, भोवती दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर जड माळवद.

साइटवर मी आधी कॉलमच्या रिंगा बघतो, म्हणजे उभ्या सळयांभोवती आडव्या बांधलेल्या बारीक सळयांचे वेढे. रिंगेचं टोक ९० अंशांत नुसतं दुमडलेलं असेल, तर हादऱ्यात कव्हरचं, म्हणजे सळयांवरच्या बाहेरच्या थराचं, काँक्रीट सुटतं, हूक उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसवलं की ते धरून राहतं. फिटर कुरकुरतात, वाकवायला जोर लागतो ना! त्यात खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा असेल, म्हणजे भिंतींचा आधार नसून सगळी मदार कॉलमवरच असेल, तर मी हुज्जतच घालत नाही, सगळ्या रिंगा काढून परत बांधायला लावतो.